प्रॉडक्शनला लागलं म्हणून रडू नकोस

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला, एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर आधी काळजात धस्सच झालं, आणि उचलला तर मागून पोरीच्या रडण्याचा आवाज. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचं अलॉटमेंट, म्हणजे कुणाला कुठलं कॉलेज आणि कुठली शाखा ते, लागलं होतं. भाचीला पुण्यात प्रॉडक्शन इंजिनिअरिंग मिळालेलं, कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं, आणि घरात असं सुतक की जणू पोरगी नापासच झाली. बहीण म्हणाली, "तू पण तेच केलंयस न्हवं, मग तूच सांग हिला, मिळालंय तेच फ्रीज करायचं का पुढच्या राउंडला चांगलं मिळेल म्हणून बेटरमेंटला जायचं?" मी फोनवर काहीतरी बोलले पण नीट सांगता आलं नाही, कारण सांगायचं खूप होतं आणि पलीकडं कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. म्हणून आज रविवारी बसून इथं लिहितेय. तिच्यासाठी, आणि सांगली-मिरजेत सध्या ज्या ज्या घरात हेच चाललंय त्यांच्यासाठी.

प्रॉडक्शनच करून मी गेली चौदा वर्षं इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून काम करतेय. सुरुवात कुपवाड एमआयडीसीत केली, मधली काही वर्षं पुण्यात चाकणला काढली, आता परत सांगलीत. आमच्या आईला अजून नीट सांगता येत नाही मी काय करते ते, ती शेजारणींना "कंपनीत आहे" एवढंच सांगते. पुस्तकात याची मोठी व्याख्या आहे, माणसं, माल, मशिनी, पैसा, माहिती यांची एकत्र व्यवस्था वगैरे, आणि ती बरोबरच आहे. पण मला विचारशील तर मी थांबणं शोधते. माल कुठं पडून राहिलाय, माणूस कुठं ताटकळतोय, गाडी कुठं उभी आहे, आणि का. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

हे मला कॉलेजात कळलं नव्हतं, कुपवाडमधल्या एका मशीन शॉपमध्ये कळलं. पहिलाच महिना, हातात स्टॉपवॉच, पॅडवर टाइम स्टडीचा फॉर्म, आणि मला एका व्हीएमसीसमोर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनसमोर, उभं केलेलं. पंपाच्या केसिंगचं मशिनिंग चालायचं तिथं. ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी तीन दिवस शेजारी उभी राहिले, ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचं तो भाग, मशीनवर लावायचे, सायकल स्टार्ट करायचे आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे. चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत स्वतःच जवळ आले आणि म्हणाले, "ताई, ते घड्याळ माझ्यावर किती दिवस लावणार? एकदा त्या ट्रॉलीवर लावून बघा की." आणि बोट दाखवलं. मशीनच्या मागं एक ट्रॉली होती, तिच्यावर कास्टिंगं, म्हणजे फौंड्रीतून ओतून आलेले भाग, रचलेली, खडूनं तारीख घातलेली. तारीख होती नऊ दिवसांपूर्वीची.

मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले पण नाही नीट. मी तीन दिवस मोजत काय होते तर अण्णांचा हात जॉब उचलायला किती सेकंद लावतो, आणि तो जॉब मात्र नऊ दिवस नुसता बसून होता! मग दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ अण्णांवरून काढलं आणि एका कास्टिंगच्या मागं लागले, फौंड्रीतून गाडी आली तिथपासून डिस्पॅचला जाईपर्यंत. प्रत्यक्ष मशीनवर त्याच्यावर काम व्हायचं ते तासाच्या आतबाहेर, आणि आमच्या शेडमध्ये तो राहायचा दोन आठवडे. एवढा मोठा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही, कारण मला माणसाकडं बघायला शिकवलं होतं, मालाकडं नाही.

माल का थांबायचा, तर सेटिंगमुळं. एका साइझचं केसिंग काढून दुसऱ्या साइझचं लावायचं म्हटलं की जॉब पकडून ठेवणारं फिक्श्चर बदला, टूल बदला, आणि त्यात दीड तास सहज जायचा, मग सुपरवायझर म्हणणार एवढी मेहनत घेऊन लावलंय तर आता चारशे नग काढूनच घ्या, लागोत न लागोत. त्या चारशे नगांची ट्रॉली पुढच्या मशीनसमोर जाऊन बसायची. मी अण्णांच्या सेटिंगचा सगळा दीड तास लिहून काढला. त्यातला बराच वेळ ते मशीनला हातच लावत नव्हते हो. ऍलन की शोधायला जा, ती दुसऱ्या लाइनवर कुणीतरी नेलेली. क्रेन मोकळी व्हायची वाट बघ. फिक्श्चरला बोल्ट तीन वेगवेगळ्या लांबीचे, ते पेटीतून निवडत बसा. टूल स्टोअरमध्ये सही करा. आणि एवढा सगळा वेळ मशीन बंद.

जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाच्या इंजिनिअरनं हेच बघितलं होतं. सेटिंगची कामं दोन प्रकारची असतात, मशीन बंद केल्याशिवाय होतच नाहीत अशी, आणि मशीन चालू असतानाच आधी करून ठेवता येतील अशी. दुसरी कामं बाहेर काढली की मशीन बंद राहायचा वेळ आपोआप खाली येतो. १९६९ मध्ये टोयोटातल्या एका १००० टनी प्रेसची सेटिंग चार तास लागायची, ती त्यांनी आधी दीड तासावर आणली आणि नंतर चक्क तीन मिनिटांवर. माणसं पळवून नव्हे, तर कामांचा क्रम बदलून, बोल्ट बदलून, लागणाऱ्या वस्तू आधीच जवळ आणून ठेवून. आम्ही काय मोठं केलं नाही. सगळे बोल्ट एकाच लांबीचे केले, अण्णांच्या मशीनला एक फळी लावून त्यावर प्रत्येक पान्याचं चित्र काढलं आणि तिथंच तो टांगायचा असं ठरवलं, पुढच्या जॉबचं फिक्श्चर आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायला लागलो. दोन महिन्यांत दीड तासाचा पाऊण तास झाला, आणि मग कुणी चारशे नग काढायचा हट्ट धरेना. यातल्या अर्ध्या आयडिया अण्णांच्या. बोल्टची तर पूर्ण त्यांचीच, ते म्हणाले हे मी सहा वर्षं सांगतोय पण लिहून घेणारं कुणी आलं नाही.

भाचीला मुद्दाम सांगते, अण्णा माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे त्याला कारण होतं. या विषयाची सुरुवातच तशी झालीय. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं १८८० च्या दशकात पोलाद कारखान्यात घड्याळ लावून कामगारांची कामं मोजायला सुरुवात केली, १९११ साली त्याचं पुस्तक आलं, आणि जगभर कामगारांच्या मनात बसलं की घड्याळवाला आला म्हणजे तेवढ्याच पगारात जास्त काम काढून घ्यायला आला. ती भीती खोटी नव्हती. पण त्याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे नवराबायको वेगळ्या बाजूनं बघत होते, काम करणारा दमतो कशानं हे ते बघायचे. फ्रँक स्वतः गवंडीकाम शिकलेला. त्यानं बघितलं की वीट खालून वाकून उचलावी लागते, तर विटांचा मचाणच उंचीवर आणला, आणि एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचेकवर आल्या. फ्रँक १९२४ मध्ये अचानक गेला, आणि लिलियननं घरात अकरा पोरं असताना एकटीनं काम पुढं चालू ठेवलं. पायानं दाबून उघडायची कचऱ्याची पेटी तिच्या कामातून आलीय, ओट्याची उंची किती असावी याचा अभ्यास तिनं केलाय. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून आलेली ती पहिली बाई. पोरींनी मशीन शॉपमध्ये काय करायचं असं जे काका-मामा विचारतात ना, त्यांना हे सांग.

आणि आपल्या जिल्ह्याला हे काही परकं नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन बिघडते अशी समजूत होती. नांगर उत्तम होता, तरी वापरणाऱ्याला पटेपर्यंत तो तसाच पडून राहिला. मला अण्णांच्या मशीनसमोर हे पुन्हा पुन्हा आठवायचं.

आता कारखान्याबाहेर येऊ, कारण सगळ्यात मोठी रांग मी शेडमध्ये नाही, साखर कारखान्याच्या यार्डात बघितलीय, आणि लहानपणीच. आमचा ऊस असायचा, वडील ट्रॅक्टरबरोबर जायचे, दोनचार वेळा मीपण हट्टानं गेले. थंडीची रात्र, लांबवर बैलगाड्या आणि ट्रॉल्या, बैल सोडून वाढं टाकलेलं, ऊसतोडणीवाल्या बायका पाचट पेटवून शेकत बसलेल्या, पोरं उसाच्या मोळ्यांवरच झोपलेली. नंबर पुढं सरकला की सगळ्यांनी उठायचं, दहा फूट जायचं, परत थांबायचं. वडील काट्याकडं बघत बसायचे. तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहतो तितकं त्याचं पाणी उडतं, वजन घटतं, ते शेतकऱ्याच्या खिशातून जातं. आतली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होत जाते, उतारा, म्हणजे टनामागं निघणारी साखर, पडतो, ते कारखान्याच्या खिशातून जातं. आणि बैलगाडीवाल्याची पुढची खेप बुडते. म्हणजे एका थांबण्यानं तीन घरांचं नुकसान.

याच्यावर एक सूत्र आहे, जॉन लिटलनं १९६१ मध्ये सिद्ध केलेलं, आणि इतकं साधं की सातवीच्या पोराला कळेल. यार्डात सरासरी किती गाड्या उभ्या आहेत त्याला तासाला किती गाड्या खाली होतात यानं भागलं की एक गाडी सरासरी किती तास अडकते ते येतं. समजा यार्डात १२० गाड्या आहेत आणि तासाला १५ खाली होतात, तर प्रत्येकाचे आठ तास गेले. आता गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, काही रातोरात मोठी होत नाही, तासाला पंधराच होणार. मग आठाचे चार तास करायचे तर एकच मार्ग, यार्डात साठच गाड्या येतील असं बघायचं. म्हणजे प्रश्न यार्डातला नाहीच, तो सकाळी शेतात तोड किती टोळ्यांना दिली तिथला आहे. ऊस कमी पडून गाळप थांबलं, नो-केन झालं, तर शेतकी खात्यावर सगळे तुटून पडतात, म्हणून ते हात राखून जास्तच तोड देतात, आणि त्या जास्तीची किंमत रात्रभर बैल आणि माणसं देतात. कुणाचा वाईट हेतू नसतो यात. पण जो निर्णय घेतो त्याला थांबणं दिसत नाही आणि ज्याला दिसतं त्याच्या हातात निर्णय नाही, आणि ही गाठ सोडवणं म्हणजेच सिस्टीम्स इंजिनिअरिंग. आता मोबाइल प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याकडं आहे, गाडी शेतातून निघाली कधी, पोचली कधी हे कळू शकतं, त्यावरून वेळ ठरवून तोड देता येते. याच्यापेक्षा मोठं इनोव्हेशन मला आपल्या भागासाठी तरी सुचत नाही. वीस वर्षांची मुलं-मुली यात उतरली पाहिजेत असं फार मनापासून वाटतं.

रांगेचं गणित तसं जुनं आहे, १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगनं ते सुरू केलं, कॉल किती येतील आणि लाइनी किती लागतील यासाठी. पण ते खरं कुठं भिडतं सांगू? दवाखान्यात. मिरजेला लांबलांबून पेशंट येतात, अगदी कर्नाटकातून. माझ्या वडिलांना घेऊन आम्ही एका हॉस्पिटलच्या ओपीडीत पाच तास बसलो होतो, डॉक्टरांनी बघितलं ते सात मिनिटं. डॉक्टर रिकामे बसले होते का, अजिबात नाही, त्या माणसानं पाणीसुद्धा पिलं नसेल. आणि खरी गोम तिथंच आहे. एकच डॉक्टर आहे आणि पेशंट वेळ न ठरवता येतायत असं धर. डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी चार पेशंट आत-बाहेर मिळून असतात. ९० टक्के केलं तर नऊ. ९५ टक्के केलं तर एकोणीस! काम वाढलं थोडंच आणि रांग झाली पाचपट. आपल्याकडं मात्र माणूस आणि मशीन शंभर टक्के गुंतलेलं पाहिजे हाच कौतुकाचा विषय. थोडी मोकळीक ठेवली, पेशंट वेळ वाटून बोलावले, रिपोर्ट आधी काढून घेतले, तर तेच डॉक्टर तेवढ्याच पेशंटना बघतात आणि बाहेर म्हाताऱ्या माणसांना लोखंडी बाकावर पाच तास काढावे लागत नाहीत. वडील आता नाहीत. पण त्या बाकावर मी मनात जी आकडेमोड केली होती ती अजून माझ्या वहीत आहे, आणि पुढं एका छोट्या हॉस्पिटलनं बोलावलं तेव्हा तीच वही घेऊन गेले.

आणखी एक आठवण, ही अभिमानाची. एप्रिल २०१६, लातूरला प्यायला पाणी नाही, आणि मिरजेतून रेल्वेनं पाणी न्यायचं ठरलं. पहिली गाडी १० वाघिणींची, साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. तेलाच्या टाक्या म्हणून राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये आधी वाफेनं धुतलेल्या. मग ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. सगळ्यांनी गाडीचे फोटो बघितले, मी मात्र भरण्याकडं बघत होते. गाडी पळायला काही तास, पण एकेक वाघीण भरत बसलं तर वेळ सगळा मिरजेच्या यार्डातच जाणार, म्हणून नवी पाइपलाइन टाकून एका वेळी अनेक वाघिणी भरायची सोय करावी लागली. तिकडं लातूरला तेवढ्याच वेगानं उतरवून घ्यायचं, शुद्ध करायचं, टँकरनं वस्त्यांत पोचवायचं. यातली एक कडी जरी हळू पडली की बाकी सगळ्या तिच्याच वेगानं चालणार. शिवाय मिरजेहून लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची ती जुनी, अरुंद रुळांची नॅरो गेज लाइन आधीच ब्रॉडगेज झाली नसती तर यातलं काहीच जमलं नसतं. कृष्णेचं पाणी, रेल्वेचे इंजिनिअर, पाणीपुरवठ्याचे लोक, दोन्हीकडची प्रशासनं, सगळ्यांनी मिळून काही दिवसांत एक साखळी उभी केली. सिस्टीम हा शब्द मला पुस्तकापेक्षा त्या यार्डात जास्त कळला.

आता नोकरीचं, कारण बहीण तेच विचारणार. प्रॉडक्शन किंवा इंडस्ट्रियल झालेली मुलं आज नुसती कारखान्यात नाहीत. कारखान्यात तर आहेतच, प्लॅनिंगला, क्वालिटीला, मेथड्सला. त्याशिवाय ऑनलाइन खरेदीची जी अवाढव्य गोदामं झालीत, त्यात कुठला माल कुठल्या रॅकला ठेवायचा म्हणजे उचलणाऱ्याला कमी चालावं लागेल हे हीच मंडळी ठरवतात. विमान कंपन्यांचं क्रूचं वेळापत्रक, बँकांच्या प्रोसेस, हॉस्पिटलं, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजपासून बंदरापर्यंतची वाहतूक, सगळीकडं. कोडिंग आवडत असेल तर ते सुटत नाही, उलट इथं त्याला खरं काम मिळतं. पायथॉन शीक, स्टॅटिस्टिक्स मन लावून शीक, सिम्युलेशन शीक, म्हणजे नवीन लाइन प्रत्यक्ष टाकायच्या आधी कॉम्प्युटरवर चालवून बघता येते, आता तर चालू कारखान्याची जिवंत नक्कल सेन्सरवरून तयार करतात आणि तिला डिजिटल ट्विन म्हणतात. पण एक्सेल पण पक्कं पाहिजे, त्याला हसू नकोस, लहान कारखान्यात पहिली दोन वर्षं तेच चालतं.

पुढं शिकायचं असेल तर एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्च आहे, खरगपूरला इंडस्ट्रियल अँड सिस्टीम्सचा अख्खा विभाग आहे. आणि पवईची नीटी, १९६३ मध्ये खास याच विषयासाठी काढलेली संस्था, तिचं २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. तिथं कॅट देऊन जाता येतं.

पहिला पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकेल, हे खोटं कशाला सांगू. पहिली वर्षं उभं राहून काम, शिफ्ट, तेलाचे डाग. पण चार-पाच वर्षांनी तुला एखाद्या ठिकाणी नुसतं नेऊन उभं केलं तरी तुला दिसायला लागतं की इथं काय अडलंय, आणि ते दिसणं कुणी काढून घेऊ शकत नाही.

हे सगळं मी बहिणीला पाठवणारच होते, तेवढ्यात काल दुपारी भाचीचाच मेसेज आला. मी त्या रात्री फोन ठेवताना तिला एवढंच म्हटलं होतं, की दाखला काढायला जाशील ना, तिथं रांगेत मोबाइल बघू नकोस, लिहून काढ काय काय होतंय ते. तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. डावीकडं वेळा, उजवीकडं बारीक अक्षरात नोंदी. खिडकीवरचे काका एकदाही रिकामे बसले नाहीत. एका माणसाला सरासरी अकरा मिनिटं. त्यातली सात मिनिटं माणूस खिडकीपुढं उभा राहून फॉर्म भरतो, कारण फॉर्म खिडकीतच मिळतो. आणि पानाच्या खाली तिनं पेनानं चौकट करून लिहिलंय, "मावशी, फॉर्म रांगेत उभं असतानाच वाटले तर?"